बारवेत उतरणाऱ्या बाया

कोळवाडी, ता. केज
८ फेब्रुवारी १९८७

भिमा,

तुझ्या नातवाच्या नामकरणाला येता आलं नाही, म्हणून तू फुगून बसली असशील. बस. पण आधी हे पत्र वाच, मग फुग. बार्शीच्या निर्वासित छावणीत, रझाकाराच्या सालात, आपण दोघी एका पाटीवर अक्षरं गिरवत होतो तेव्हा तू माझ्या हातातली पेन्सिल ओढून घ्यायचीस. त्याच पाटीच्या जोरावर तू औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात सिस्टर झालीस आणि मी निदान तुला पत्र लिहू शकते.

इकडे काही खरं नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. जनावरं छावणीला बांधलीत. माझा जालिंदर दूध संस्थेचा सेक्रेटरी, पण दूधच नाही तर सेक्रेटरी काय मापणार? गावात आता पाणी राहिलंय ते फक्त आसरांच्या बारवेत. ते पण शेंदराच्या कोनाड्याच्या खाली गेलं. पुढचं तुला सांगायला नको. कोनाड्याखाली बाप्या माणसानं उतरायचं नाही आणि पाळी येणाऱ्या बाईनंही नाही. बहात्तरच्या दुष्काळात माझी सासू उतरत होती. यंदा बायनाबाई, जी गेल्या सालीही उतरायची, आणि मी.

खाली बसून तांब्यानं पोहरा भरायचा, वर सुना-लेकी दोर ओढतात. पहिल्या दिवशी बायनाबाईनं आसरांच्या सात दगडांसमोर मला उभं केलं आणि पाळी गेली का, हे रिवाजाप्रमाणे विचारलं, "मोकळी हायीस का गं?" मी म्हटलं, "हाय." मग माझ्या ओटीत खण-नारळ घातला. भिमा, मालक गेल्यापासून मला कुणी खण दिलेला नाही. लग्नकार्यात मी मागच्या भिंतीला असते. बारवेवर मात्र मला म्होरं घालतात. "चतुरामावशी आली, वाट द्या," म्हणतात. हसू नकोस. मला बरं वाटतं.

आता मुद्द्याचं. संक्रांतीपासून मला परत आलंय. कधी डाग, कधी जास्त. चार वर्षं काही नव्हतं आणि आता या वयात मी तरणी झाले की काय? मी कुणाला बोलले नाही. पण तशीच रोज खाली उतरते आणि आसरांच्या समोरून जाताना मान वर करवत नाही. पाणी रोज बोटभर खाली चाललंय. ते माझ्यामुळंच आटतंय, हे मला पक्कं माहीत आहे. आणि उतरायचं सोडलं तर का सोडलं हे सगळ्या गावाला कळेल.

हे बंद करायचं एखादं औषध तुझ्या भावाजवळ, कचरूजवळ दे. तो पुढच्या आठवड्यात तिकडं येणार आहे. सुई असली तरी चालेल. उत्तर पण त्याच्याच पत्त्यावर टाक, जालिंदरच्या हाती पडायला नको.

तुझी
चतुरा

* * *

औरंगाबाद
१५ फेब्रुवारी १९८७

चतुरा, जय भीम.

औषध पाठवणार नाही. कचरूनं माझ्याकडं हात पसरला तेव्हा मी त्याला चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला.

तू स्वतः यायचं आहेस. पाळी जाऊन वर्ष उलटलं, की त्यानंतर रक्ताचा एक डाग दिसला तरी तो तपासायचा असतो. तुझी तर चार वर्षं झाली. अशा रक्ताला थांबवायचं नसतं, ते कुठून येतंय हे बघायचं असतं. आमच्या वॉर्डात बाई डॉक्टर आहेत, हात हलका आहे, बोलायलाही बऱ्या आहेत. आधी साधी तपासणी करतील. मग थोडी भूल देऊन पिशवीच्या आतलं अस्तर खरवडून काढतील आणि ते बाटलीत घालून तपासायला पाठवतील. दुसऱ्या दिवशी घरी. माझ्या घरी राहायचं.

आता तुझ्या आसरांचं. त्या बारवेबद्दल मला काय वाटतं ते तुला माहीत आहे. माझी आई कठड्याच्या बाहेर घागर ठेवून उन्हात उभी राहायची आणि वरून कुणाला दया आली तर ओतायचे. विटाळ हा शब्द मी छप्पन सालीच नागपूरला सोडून आले. पण तुला मान वर करवत नाही म्हणतेस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. ही पाळी नव्हे. पाळी यायला जे लागतं ते तुझ्या अंगातलं केव्हाच संपलं. पायाला काटा लागल्यावर येतं तसलं हे रक्त आहे, दुखण्याचं. पाय फुटलेली बाई बारवेत उतरली तर तुमच्या आसरा रागावतात का? नाही ना? मग यात विटाळ नाही आणि पाणीही तुझ्यामुळं आटत नाही. पाऊस पडला नाही म्हणून आटतंय.

तेवढं मनातून काढून टाक आणि बुधवारी ये. बुधवारी मला सुट्टी असते.

भिमा

* * *

कोळवाडी
२६ फेब्रुवारी

भिमा गं,

तुझ्या पत्रानं जीव भांड्यात पडला. कचरूनं गोठ्यामागं आणून दिलं, मी तिथंच शेणाच्या पाटीवर बसून वाचलं आणि रडले. मी एवढे दिवस काय सोसलं ते मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायनाबाई यायच्या आधी खाली गेले आणि सात दगडांना सांगितलं, "बायांनो, ही पाळी न्हाई. भिमानं लिहून कळवलंय. ती दवाखान्यात सिस्टर हाय, ती खोटं बोलायची न्हाई." तू त्यांना मानत नाहीस, पण त्यांनी तुझं मानलेलं दिसतंय. पाणी गेले आठ दिवस जागच्या जागी आहे.

आता दवाखान्याचं. विटाळच नाही तर मी तिकडं येऊन काय करू? काटा लागल्यावर कुणी औरंगाबाद गाठतं का? धारूरच्या बाजारात जडीबुटीवाला बसतो, त्याच्याकडून जालिंदरच्या बायकोनं, मुक्तानं, उष्णतेसाठी म्हणून पुडी आणून दिली. तिला मी पोटात आग होते एवढंच सांगितलं. दुसरं असं, की आपल्या भागातून दवाखान्यात गेलेली बाई पिशवी काढूनच परत येते, हे तू पण जाणतेस. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका बघ, कुरकुर झाली की कापून मोकळं. मला नको बाई.

आणि मी गेले तर खाली कोण? बायनाबाईचे गुडघे धरलेत. तिच्या एकटीच्यानं निम्म्या गावाचंही भरून होत नाही. सोसायटीचे चेअरमन बबनराव परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "आसरांची किरपा असताना टँकर कावून मागायचा? चतुरामावशी हाय तोवर गावाला काळजी न्हाई." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला.

तब्येत ठीक आहे. चोळ्या ढिल्या झाल्यात, पण दुष्काळात कुणाच्या होत नाहीत? हल्ली काळंच लुगडं नेसते, ते बरं पडतं. पाऊसपाणी झालं की येते, नातवाला बघायला. पक्कं.

चतुरा

* * *

औरंगाबाद
४ मार्च १९८७

चतुरा,

तुझं पत्र वाचून मी डोकं धरून बसले. तुझी भीती जावी म्हणून मी विटाळाच्या वाटेनं गेले आणि तू त्याच वाटेनं बारवेत परत उतरलीस. विटाळाची गोष्ट मी काढायलाच नको होती. आयुष्यभर ज्या गोष्टीवर थुंकले तिचा आधार घेतला आणि ती अशी अंगावर आली.

आता नीट वाच. मी काट्याचं उदाहरण दिलं ते एवढ्यासाठीच, की तुला पाप वाटू नये. काटा दिसतो, काढता येतो. हा आत आहे आणि काय आहे ते कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. उतारवयात आतलं अस्तर सुकून पातळ होतं, त्यानं रक्त येतं. कधी आत एखादा कोंब वाढतो, तो काढला की झालं. दहा बायकांतल्या नऊजणींचं असं काहीतरी साधंच निघतं. पण दहावीचं साधं नसतं, तिला कॅन्सर असतो. आणि दहावी कोण हे तोंडाकडं बघून कळत नाही. सुरुवातीला दुखत नाही, ताप येत नाही, बाई कामं करत असते. रक्त तेवढं येतं. तेवढी एकच हाक तो रोग देतो, आणि ती ऐकली तर बाई वाचते. बहुतेक जणी वाचतात, मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात. ज्या पावसापाण्याची वाट बघत बसतात त्यांनाही मीच बघते.

पिशवी काढण्याचं म्हणतेस ते खरं आहे, नको तिथं कापणारे आहेत. म्हणून तर म्हणते, आधी बघू. न बघता कुणाला हात लावू देणार नाही, मी उभी आहे ना तिथं. पण न बघता कापणं जसं वाईट, तसंच न बघता झाकून ठेवणंही वाईट.

आणि काळं लुगडं बरं पडतं म्हणजे काय गं? किती जातंय? डाग म्हणाली होतीस ना? चोळ्या ढिल्या झाल्याचं विनोदानं लिहिलंस, मला नाही हसू आलं.

गावाला पाणी द्यायला सरकार आहे, टँकर आहेत. मला चतुरा एकच आहे. नातवाचं तोंड बघायला येऊ नकोस, तपासायला ये. बुधवार नको, कधीही ये.

भिमा

* * *

कोळवाडी
२ एप्रिल

भिमा,

महिना झाला, तुला उत्तर नाही. कचरूच्या हाती तू दोन कार्डं पाठवलीस, ती पोचली. काय लिहावं ते सुचत नव्हतं. तुझं पत्र मी चुलीत घातलं होतं, एवढा राग आला. मला कॅन्सर म्हणतेस? दुसऱ्या दिवशी वाटलं, घालायला नको होतं.

परवा काय झालं ते सांगते. पहाटे खाली उतरले, निम्मे पोहरे भरून झाले होते. एकदम पोटात कळ आली आणि रक्त असं सुटलं, की पायरीवर ओघळ गेला. डोळ्यापुढं अंधारी आली. बायनाबाईनं मला दंडाला धरलं म्हणून पाण्यात गेले नाही. वरून सुना विचारायल्या, "काय झालं वो? दोर ढिला कावून सोडला?" बायनाबाई वर ओरडली, "काय न्हाई, पाय घसरला मावशीचा. थांबा जरा."

मग ती खाली बसली. ज्या पाण्याच्या थेंबाला आम्ही जपतो, त्यातलंच तांब्याभर घेऊन तिनं पायरी धुतली. हातानं घासून घासून. कोनाड्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता ही मला बोलणार. मी म्हटलं, "बायनाबाई, ही पाळी न्हाई, दुखण्याचं हाय." ती म्हणाली, "मला ठावं हाय ते. भिवराचं बी असंच व्हतं."

भिवराबाई तुला आठवत असेल, पाटलाच्या मळ्याजवळची, गोरीपान. गेल्या उन्हाळ्यात पाणी कोनाड्याखाली गेलं तेव्हा बायनाबाईबरोबर तीच उतरायची. दिवाळीच्या आधी गेली. अशक्तपणानं गेली असं सगळे म्हणाले, मी पण म्हटलं. भिमा, ती वर्षभर अंगावर काढत होती. बायनाबाई सांगत होती, "तिची लुगडी मी धुतल्याती, वढ्याच्या पल्याड जाऊन. मी म्हनायची, लेकाला सांग. ती म्हनायची, सांगितलं तर बारव सुटंल माझी. शेवटाला तर वास यायला लागलता. मी बी कुनाला बोलले न्हाई. तिनं शपथ घातलती." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू मला शपथ घालू नको, चतुरे. मी आता दुसऱ्याबार धुयाची न्हाई."

पायरीवर बसल्या बसल्या मला सगळं दिसलं. आपल्या गावात कोनाड्याखाली उतरायला मिळतं ते मोकळ्या झालेल्या बाईला. म्हणून ज्या बाईला हा आजार होणार, तीच नेमकी बोलणार नाही. मोकळी आहे म्हणून सांगितलं, ओटीत खण घेतला, आता रक्त जातंय म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? मी तेच केलं. खणासाठी केलं. मला लाज वाटली, पण रक्ताची नाही वाटली.

वर आले. दोर धरलेल्या सगळ्या बायका उभ्या होत्या, मुक्ता पण होती. मी म्हटलं, "पाय घसरला न्हाई. मला रक्त चाललंय, संक्रांतीपासून. हा रोग हाय. मी दवाखान्यात चालले." एक म्हातारी पाठ फिरवून घागर रिकामीच घेऊन गेली. मग मुक्तानं पदर खोचला आणि दोर माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुमी बसा, आत्या. मी भरते." आणि ती उतरली, भिमा. माझी तिशीतली सून कोनाड्याच्या खाली उतरली. बायनाबाई तिला म्हणाली, "शेवटच्या पायरीला शेवाळ हाय, बघून पाय ठिव." बस एवढंच.

गावातल्या काही घरांनी ते पाणी घेतलं नाही, बाटलं म्हणाले. बबनराव चिडून घरी आले. मुक्ताच त्यांच्यासमोर उभी राहिली, "पानी बाटलं असंल तर टँकर मागा." आज सकाळी ते तहसीलला अर्ज घेऊन गेलेत. जे काम तहान लागून होत नव्हतं ते विटाळानं झालं.

जालिंदर रडला. म्हणाला, "मला कावून सांगितलं न्हाई?" लेकाला हे सांगायचे शब्द मला कुणी शिकवलेच नाहीत.

मंगळवारी मिळेल त्या गाडीनं धारूरपर्यंत येते, तिथून एसटी. जालिंदर बरोबर आहे. स्टँडवर ये. मला भीती वाटतेय.

चतुरा

* * *

औरंगाबाद
२५ एप्रिल १९८७

प्रिय चतुरा,

तू सुखरूप पोचल्याचं कचरूच्या कार्डावरून कळलं. तू गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं. नातू तुझी ओवी ऐकल्याशिवाय झोपत नाही, मला ती येत नाही, म्हणून मी त्याला बाबासाहेबांचं गाणं म्हणते, तर भोकाड पसरतो. इकडं ऊन फार आहे. कूलरला पाणी नाही. तुझ्या हातची शेंगाचटणी संपली.

तपासणीचा कागद आलाय. जालिंदरला घेऊन सवडीनं एकदा येऊन जा, मग सगळं बोलू. काळजीचं कारण नाही. वाटल्यास मुक्तालाही आण.

भिमा

* * *

कोळवाडी
३० एप्रिल

भिमा,

तू मला कधी "प्रिय" लिहिलं नव्हतंस. तेव्हाच कळलं.

ऊन, कूलर, चटणी. मार्चमधल्या पत्रात मला झाडलंस ती भिमा कुठं गेली? तिचं मी ऐकलं होतं. ही गोड बोलणारी मला नको. "सवडीनं ये" म्हणतेस आणि लेकाला, सुनेला दोघांना आण म्हणतेस. एवढी माणसं काय चटणी खायला बोलावतेस का?

बारवेच्या पायरीवर मी ठरवलं, की आता झाकायचं नाही. तू पण झाकू नकोस. मी दहावी आहे का? हो की नाही, एवढंच लिही.

चतुरा

* * *

औरंगाबाद
४ मे १९८७

चतुरा,

हो.

तुझं पत्र हातात धरून मी वॉर्डातल्या कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले. तीस वर्षांत मी कितीतरी बायांना हे सांगितलंय, एकदाही अडखळले नाही. तुला सांगता येईना. म्हणून कूलरचं लिहिलं. चुकले.

आता सगळं सांगते, काहीही मागं ठेवत नाही. पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर आहे. बाई डॉक्टरांच्या मते तो अजून पिशवीच्या आतच असावा, बाहेर गेलेला वाटत नाही. पक्कं काय ते ऑपरेशननंतर कळेल. पिशवी काढावी लागेल, आणि या वेळी ती बघून, तपासून, कारण असल्यामुळं काढायची आहे. अशा बायकांतल्या पुष्कळ जणी पुढं चांगल्या जगतात. तुझं तसंच होईल असं मी वचन देत नाही, कारण तू खरं लिही म्हणालीस. पण आत्ताऐवजी पुढच्या दिवाळीला आली असतीस तर मला हे पत्र असं लिहिता आलं नसतं.

नंतर कदाचित मशीनच्या किरणांचा शेक घ्यावा लागेल. त्याची सोय बार्शीला आहे. होय, बार्शीच. त्या गावानं आपल्याला एकदा जगवलंय.

ऑपरेशनची तारीख मिळालीय. सवडीनं नको. लगेच ये. मी रजा काढलीय. भूल उतरून तू डोळे उघडशील तेव्हा मीच समोर असेन, आणि हातात पेन्सिल नसेल.

तुझी
भिमा

* * *

कोळवाडी
२० सप्टेंबर १९८७

भिमा,

बार्शीचा शेक संपून मी पंधरवड्यापूर्वी घरी आले. कातडी करपल्यागत झालीय, चव गेलीय, पण भाकरी खाते. पिशवीच्या भिंतीत थोडं खोल गेलं होतं म्हणून शेक दिला, ते तू सांगितलंस तसंच तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मी भितेय, पण एकटी भीत नाही.

बार्शीत आपली छावणी होती ती जागा शोधली. तिथं आता घरं झालीत. जालिंदरला म्हटलं, इथं भिमानं मला "च" काढायला शिकवलं. त्यानं त्या घरांकडं असं बघितलं, जशी काय पाटी अजून तिथंच असेल.

पाऊस कुठं पडला, कुठं नाही. बारवेतलं पाणी अजून कोनाड्याच्या खालीच आहे. टँकर एकाआड दिवस येतो. मधल्या दिवशी बारवेचं पाणी लागतंच. मुक्ता उतरते आणि तिच्या बरोबरीच्या दोघीतिघी. बायनाबाईनं सोडलं नाही, गुडघे धरून धरून उतरते. रिवाज पुरता मोडला असं समजू नकोस. निम्मी घरं अजून फक्त बायनाबाईनं भरलेल्या घागरी नेतात. तुझ्या वस्तीतल्या पोरी आता खालपर्यंत जातात, त्यांच्या घागरी त्या स्वतः भरतात. तुझ्या आईची आठवण झाली. तिला हे बघायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं, आणि मी त्या कठड्याच्या आतल्या बाजूला उभी असायचे, याचंही.

मी आता वर कठड्यावर बसते. कामाची नाही, पण बायका येऊन टेकतात. पूर्वी नव्या बाईला उतरवताना विचारायचो तेच मी विचारते, "मोकळी हायीस का?" कुणी हो म्हटलं, की पुढचंही विचारते, "पुन्ना कंदी दिसलं का?" बहुतेकींना नसतं. हसतात, लाजतात, मला येडी म्हणतात. म्हणू दे.

परवा हाच प्रश्न मी बायनाबाईला विचारला. तिनं पोहरा सोडला आणि उतरली. काल पहाटे मी कठड्यावरून खाली बघितलं, तर ती एकटीच खाली बसून पायरी धूत होती. हातानं. घासून घासून.

मी तिला शपथ घातली नाही आणि ओरडलेही नाही. रात्री तिच्या घरी गेले. म्हटलं, "बायनाबाई, भिमाला एक पत्र पोचवायचं हाय. पोस्टानं उशीर व्हतो. तुमी न्याल का?" तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मी गेले तर निम्म्या गावाच्या घागरी कोन भरंल?" मी म्हटलं, "मुक्ता भरंल. न्हाई घेतलं तर तहानलेले ऱ्हातील." तिला हसू आलं. मग म्हणाली, "औरंगाबाद मी बघितलं न्हाई. नेते पत्र."

म्हणून हे पत्र पोस्टानं येत नाही. मुक्ता तिला एसटीत बसवून देईल, जालिंदर बरोबर आहे. गावात सगळ्यांना तिनं हेच सांगितलंय, की चतुरीचं पत्र द्यायला चालले. तिला वाचता येत नाही, पण यात काय लिहिलंय ते तिला माहीत आहे.

ती दारात उभी असेल. पत्र बाजूला ठेव आणि तिला आत घे.

तुझी
चतुरा